अंत्यविधीला पैसे नाहीत: महाराष्ट्रात सरकारी मदत कुठून मिळते आणि ती कशी मागायची

घरात माणूस गेलेला असतो, हातात पैसे नसतात आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "सरकार देतं की दहा हजार, तहसीलला जा." हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच घोटाळा होतो. महाराष्ट्रात अंत्यविधीच्या खर्चासाठी प्रत्येक गरीब घराला मिळेल अशी एकच सरसकट रक्कम नाही. गेलेली व्यक्ती कोण होती, यावर मदत ठरते. तिच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का? बांधकाम कामगार म्हणून नोंदलेली होती का? बीपीएल घरातली कमावती होती का? प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा, मुदत वेगळी.

दुसरी गोष्टही आधीच समजून घ्या. यातला एकही पैसा त्या दिवशी हातात पडत नाही. पहिल्या दिवशी करण्यासारखी कामं दोनच: खर्च कमीत कमी ठेवणं, आणि पुढे पैसे मिळवून देणारे कागद न चुकता तयार करून घेणं.

१. आधी डॉक्टरचा कागद

दवाखान्यात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र दवाखाना देतो (नमुना ४). घरी झाला तर शेवटच्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते द्यायचं असतं (नमुना ४क). जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार या प्रमाणपत्रासाठी फी घेता येत नाही. डॉक्टर घरी आले म्हणून भेटीचे पैसे मागितले तर तो वेगळा विषय, पण "सर्टिफिकेटचे दोन हजार" असं कुणी म्हणालं तर हा नियम शांतपणे सांगा.

ज्या डॉक्टरने रुग्णाला कधी पाहिलंच नाही तो सही करायला नकार देईल, आणि त्याचं बरोबर आहे. अशा वेळी जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात जा.

अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणं, भाजणं, पडणं, आत्महत्या किंवा कामाच्या जागी अचानक मृत्यू: यापैकी काहीही असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नका. पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. "आता चिरफाड कशाला" म्हणून घाईने दहन उरकणारी कुटुंबं नंतर सगळ्यात मोठा फटका खातात. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच ते छापता येत नाही. त्यामुळे अपघात झाला होता हे सिद्ध करणारे कागद म्हणजे पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. ते नसतील तर लाखांच्या रकमा हातच्या जातात.

खासगी दवाखाना बिल बाकी आहे म्हणून मृतदेह देत नसेल तर डगमगू नका. रुग्णहक्कांच्या सनदेनुसार बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. बिलाची वसुली हा दवाखान्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. व्यवस्थापनाकडे लेखी मागणी करा, नाही ऐकलं तर ११२ वर फोन करा आणि पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवा. धर्मादाय आणि सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय समाजसेवक असतात. बिलात सवलत, शववाहिनी, शीतगृहाचे दर या सगळ्यासाठी पहिली गाठ त्यांची घ्या. बऱ्याच जणांना हे पद आहे हेच ठाऊक नसतं.

२. त्या दिवसाचा खर्च कसा आटोक्यात ठेवायचा

१०८ ची रुग्णवाहिका रुग्णासाठी असते, मृतदेहासाठी नाही. शववाहिनी महापालिका किंवा नगरपालिकेकडे मागा. मुंबईत पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर चौकशी होते. खासगी गाडी करावीच लागली तर निघण्याआधी तीन गोष्टी ठरवा: एकूण दर, परतीचं अंतर त्यात धरलंय का, आणि थांबण्याचे पैसे. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या पहिल्याच गाडीला होकार देऊ नका.

शहरात पालिकेच्या स्मशानात विद्युत किंवा गॅस दाहिनी असेल तर सगळ्यात स्वस्त मार्ग तोच. शुल्क नसतं किंवा नाममात्र असतं. सरण रचायचं तर तीनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त लाकूड लागतं. पावसाळ्यात लाकूड ओलं असल्याने आणखी लागतं, शिवाय गोवऱ्या आणि रॉकेल. काही महापालिका लाकूडही मोफत देतात, पण ते पालिकेच्या नोंदवहीतून मिळतं, स्मशानाबाहेरच्या वखारीतून नाही. म्हणून आधी आत जाऊन स्मशानातल्या कर्मचाऱ्याला विचारा आणि मगच बाहेर पैसे मोजा. मडकं, बांबू, कापड, गुलाल यांचा "पूर्ण संच" बाहेरच्या दुकानात एकरकमी दराने विकला जातो. त्यात काय काय आहे ते विचारून, नको ते काढायला सांगा.

मयताला पेसमेकर बसवलेला असेल तर तो दवाखान्यातच काढून घ्या आणि स्मशानात तसं सांगा. दाहिनीत त्याचा स्फोट होऊ शकतो.

दफन असेल तर कबरस्तानाचं विश्वस्त मंडळ, जमात किंवा चर्चची समिती खड्ड्याचा खर्च अनेकदा माफ करते. तिथेही पावती मागा, शून्य रुपयांची असली तरी.

एक धोक्याची सूचना. पैसे नाहीत म्हणून मृतदेह "बेवारस" म्हणून पोलिसांच्या हवाली करायचा सल्ला कुणी देतं. तो मानू नका. ताबा न घेतलेला मृतदेह कायद्याने वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाऊ शकतो आणि पुढे वारस म्हणून मदत मागताना तुमच्यापुढे अडचणी उभ्या राहतात. देहदान ही वेगळी गोष्ट आहे. तो निर्णय कुटुंबाने समजून घेतलेला असतो, पैशाच्या अडचणीतून काढलेली पळवाट नसते.

आणि तेराव्याचं जेवण? ही मदत अंत्यविधीपुरती किंवा मृत्यूनंतर कुटुंबाला हात म्हणून मिळते. पंगतीच्या बिलाची भरपाई कुठलंच कार्यालय करत नाही. कर्ज काढून पंगत घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

३. पावती आणि मृत्यूची नोंद

स्मशानातून अंत्यसंस्काराची पावती घ्या. त्यावर मयताचं पूर्ण नाव, तारीख, आणि ज्याने विधी केला त्याचं नाव असावं. लाकूड, गाडी, साहित्य यांच्या पावत्या एकाच पाकिटात ठेवा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच नोंद होते. मुदतीत नोंद केली तर पहिला दाखला कळवणाऱ्याला मोफत मिळतो.

नोंद कुठे होते, इथे बहुतेक जण चुकतात. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, मयत जिथे राहत होता तिथे नाही. जालन्याचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात गेला आणि गावी नेऊन दहन केलं, तरी दाखला मुंबई महापालिकेच्या त्या विभाग कार्यालयातूनच मिळेल. गावच्या ग्रामपंचायतीत महिनाभर हेलपाटे घालून उपयोग नाही. खेड्यात घरी मृत्यू झाला असेल तर ग्रामसेवकाकडे नोंद करा. या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे.

दवाखान्यातला फॉर्म भरला जात असताना तिथे हजर राहा. मयताचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि पत्ता आधार कार्डाशी ताडून पाहा. विशेषतः बायकांच्या बाबतीत आधारवर माहेरचं नाव आणि रेशन कार्डवर सासरचं, असं अनेकदा असतं. दाखल्यावर कोणतं नाव जाणार हे तिथेच ठरवा. नंतर दुरुस्ती होते, पण त्यात आठवडे जातात आणि तेवढ्यात इतर मुदती संपतात.

दाखल्याच्या किमान सहा प्रती घ्या.

४. मयत ईएसआयमध्ये होता का?

कारखाना, दुकान, हॉटेल, सुरक्षा एजन्सी, खासगी शाळा अशा ठिकाणी पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर कर्मचारी राज्य विमा महामंडळ अंत्यविधीसाठी प्रत्यक्ष खर्चाइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत रक्कम देतं. थेट अंत्यविधीच्या नावाने मिळणाऱ्या मदतीतली ही सगळ्यात सरळ.

पगाराची चिठ्ठी पाहा. दहा अंकी विमा क्रमांक किंवा पेहचान कार्ड सापडलं की निम्मं काम झालं. सापडत नसेल तर मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून घ्या, तो त्याच्याकडे असतोच.

अर्ज नमुना २२ वर, मयताचं नाव ज्या शाखा कार्यालयात आहे तिथे. सोबत मृत्यू दाखला, अर्जदाराचं ओळखपत्र, बँक पासबुक आणि खर्चाच्या पावत्या. मुदत मृत्यूपासून तीन महिने. उशीर झाला तर कारण लिहून मुदत वाढवून मागता येते, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे.

इथे दोन ठिकाणी अर्ज परत येतो. पहिलं, पैसे कुणाला मिळतात? मयत कुटुंबात राहत असेल तर कुटुंबातल्या हयात असलेल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला. धाकट्या मुलाने खर्च केला आणि त्यानेच अर्ज केला तर तो परत येतो. मयताला कुटुंब नसेल किंवा तो कुटुंबापासून दूर एकटा राहत असेल, तरच प्रत्यक्ष खर्च करणाऱ्याला रक्कम मिळते, मग तो खोलीतला सोबती का असेना. अशा सोबत्याने पावत्या स्वतःच्या नावाने घेतल्या पाहिजेत.

दुसरं, ही रक्कम विमाधारक कामगाराच्याच मृत्यूला आहे. कामगाराची आई किंवा पत्नी गेली तर ती मिळत नाही. उपचार कुटुंबाला मिळतात म्हणून हेही मिळेल असा गैरसमज होतो.

मृत्यू कामावर किंवा कामावर जाता-येताना झाला असेल तर पंधरा हजारांवर थांबू नका. आश्रितांना सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा लाभ मिळतो. त्यासाठी मालकाने अपघाताची सूचना ईएसआयला दिली आहे का, ते पहिल्याच आठवड्यात विचारा.

पगारातून पीएफ कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमाही असतो. मालकाला दोन्ही विषय एकाच वेळी विचारा.

५. बांधकाम कामगार मंडळात नोंद होती का?

गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशी बसवणारे, बिगारी यांची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. नोंद चालू असेल तर:

- ५० ते ६० वयोगटातल्या कामगाराचा मृत्यू झाल्यास अंत्यविधीसाठी १०,००० रुपये, नामनिर्देशित वारसाला
- नैसर्गिक मृत्यू झाल्यास २ लाख रुपये
- कामावर असताना मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये
- विधवा पत्नीला किंवा विधुर पतीला वर्षाला २४,००० रुपये, पाच वर्षं

"दहा हजार मिळतात" ही गावगप्पा इथून आली आहे. वयाची अट मात्र गप्पांमध्ये गळून पडते. बत्तीस वर्षांच्या गवंड्याच्या घरच्यांनी अंत्यविधीच्या दहा हजारांमागे धावू नये. त्यांचा अर्ज २ लाखांच्या किंवा ५ लाखांच्या योजनेचा आहे.

यातला खरा अडथळा नूतनीकरणाचा. नोंद दरवर्षी चालू करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. कार्ड घरात आहे, मंडळाकडून पेटी आणि भांडी मिळालेली आहेत, पण दोन वर्षं नूतनीकरण नाही, अशी घरं खूप. मृत्यूच्या दिवशी नोंद चालू होती का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहा. मृत्यूनंतर मयताच्या नावाने नूतनीकरण करून देतो असं सांगणारा एजंट भेटेल. तो फसवणुकीत तुम्हालाही ओढतोय, त्याच्या नादी लागू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि ठरलेल्या तारखेला मूळ कागद घेऊन तालुका कामगार सुविधा केंद्रात तपासणी करून घ्यायची. कामावरच्या मृत्यूसाठी मालकाचं किंवा ठेकेदाराचं पत्र, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हवेच. ठेकेदार हात वर करण्याआधी, म्हणजे पहिल्या चार-पाच दिवसांतच त्याच्याकडून लेखी घ्या.

६. बीपीएल घरातलं कर्तं माणूस गेलं का?

वरच्या दोन्हींत नाव नसलेल्यांसाठी, म्हणजे शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले, हातावर पोट असणारे यांच्यासाठी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती गेली तर एकरकमी २०,००० रुपये. मृत्यू नैसर्गिक असो वा अपघाती. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत.

नावात "अंत्यविधी" नाही, म्हणून लोक ही योजना विचारतही नाहीत. पैसे अंत्यविधीनंतरच मिळतात, पण उसनवारी फेडायला हेच कामी येतात.

एक गोष्ट खिडकीवरच्या कारकुनालाही कधी कधी माहीत नसते: घर सांभाळणारी स्त्रीही या योजनेत कमावती व्यक्ती धरली जाते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. बायको गेली, ती "काही कमावत नव्हती", म्हणून अर्ज घेत नाही असं कुणी म्हणालं तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच अर्ज स्वीकारला जातो.

पिवळं रेशन कार्ड आहे म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका. कार्यालय बीपीएल यादीतला क्रमांक किंवा दाखला मागतं. तो ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून काढा. यादीत नाव मयताच्या वडिलांच्या कुटुंबाखाली असेल तर नातं दाखवणारा कागद जोडा.

वयाचा पुरावा काळजीपूर्वक निवडा. आधारवर फक्त जन्मवर्ष असेल आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख, तर ५९ की ६० यावरून प्रकरण अडकतं. दोन कागदांत तफावत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला पुढे करा आणि अर्जातही तीच तारीख लिहा.

तहसीलला गेलाच आहात तर विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्जही त्याच खिडकीवर मागून घ्या. दरमहा १,५०० रुपये मिळतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दुसऱ्यांदा येण्याचं गाडीभाडं आणि बुडणारी मजुरी वाचते.

७. मयताचं पासबुक उघडून पाहा

पासबुकावर साधारण मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपयांची कपात दिसते का? ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपयांची कपात सुरक्षा विम्याची, अपघाती मृत्यूला २ लाख. अनेकांनी खातं उघडताना बँकेत सही केलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. दावा त्याच शाखेत, ३० दिवसांच्या आत दाखल करा. जीवनज्योतीत नव्याने नाव घातल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज कारणाने मृत्यू झाला तर रक्कम मिळत नाही.

हे विचारण्याआधी खातं बंद करू नका. मयताच्या एटीएम कार्डावरून पैसेही काढू नका. पुढे वारसांत वाद झाला तर तेच तुमच्या अंगाशी येईल.

८. एका पिशवीत ठेवायचे कागद

- मृत्यू दाखल्याच्या प्रती, नमुना ४ किंवा ४क ची झेरॉक्स
- मयताचं आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा
- अर्जदाराचं आधार, आधार जोडलेल्या चालू खात्याचं पासबुक, दोन फोटो
- अंत्यसंस्काराची पावती आणि इतर पावत्या
- विमा क्रमांक, कामगार मंडळाचं कार्ड किंवा बीपीएल दाखला, जे लागू असेल ते
- अपघात असल्यास पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, प्रथम खबरी अहवालाची प्रत

जनधन खातं वापरात नसल्याने बंद पडलेलं असतं आणि मंजूर झालेली रक्कम परत जाते. अर्जाआधी त्यात शंभर रुपये भरून खातं जिवंत आहे याची खात्री करा.

कोर्टाचा वारस दाखला काढायला लगेच वकील गाठू नका. ईएसआयचे पंधरा हजार किंवा कुटुंब लाभाचे वीस हजार मिळवायला सहसा त्याची गरज पडत नाही. कुणी मागितलाच तर कोणत्या नियमाने, ते लेखी द्यायला सांगा.

९. अर्ज अडकला तर

प्रत्येक अर्जाची शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही. "साहेब रजेवर आहेत, ठेवून जा" असं म्हटलं तर आवक-जावक विभागात द्या, तिथे शिक्का मिळतो.

महिनाभरात काही कळलं नाही तर आधी लेखी स्मरणपत्र द्या, मग राज्याच्या कार्यालयांसाठी आपले सरकार संकेतस्थळावर तक्रार करा. ईएसआय केंद्राचं आहे, त्याची तक्रार महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: "माझा अमुक तारखेचा अर्ज आज कोणत्या टेबलावर, किती दिवसांपासून आहे?" अर्जाची फी दहा रुपये, बीपीएल कुटुंबाला तीही माफ. बीपीएल दाखल्याची प्रत जोडायला विसरू नका.